साहेब अजून उडत नाहीत

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक सुटकेस, औषधांची एक पिशवी आणि एक पिंजरा होता. सुटकेस मी उचलली, पिशवी बायकोने घेतली. पिंजऱ्याला मात्र कुणी हात लावायचा नव्हता. त्यात हिरव्या अंगाचं, पिवळ्या डोक्याचं, मुठीत मावेल एवढं एक पाखरू दांडीवर बसलं होतं आणि आम्हीच उशिरा आल्यासारखं आमच्याकडे बघत होतं. पंधरा दिवसांपूर्वी आणलेला बजी, म्हणजे छोट्या जातीचा पोपट. नाव साहेब.

"साहेब का?" मी विचारलं.

"कामधंदा काही नाही, दिवसभर बडबड, आणि खायला मात्र वेळेवर हवं. दुसरं काय नाव ठेवणार?"

मी काचवाला. खिडक्या, दारं, आरसे, दुकानांचे दर्शनी भाग, सगळं बसवतो. तीस वर्षं झाली. सासूबाईंचं माझ्या धंद्याबद्दलचं मत त्यांनी आमच्या लग्नातच जाहीर केलं होतं. कुणीतरी विचारलं, जावई काय करतात? तर म्हणाल्या, "न दिसणारी वस्तू विकतात." सगळा मांडव हसला. नाही, मला राग नाही. सव्वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा कसला आलाय राग? फक्त कोण कोण हसलं ते सगळं लक्षात आहे.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन तासांवरच्या गावात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बायको वर्षभर त्यांच्या मागे लागली होती की आता कायमची आमच्याकडे ये. शेवटी त्या म्हणाल्या, महिनाभर राहून बघते. बायकोने मला आदल्या दिवशी स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेतलं.

"हा एक महिना जिभेला लगाम घाला. ती राहिली पाहिजे. तुमच्यामुळे गेली तर माझ्याशी गाठ आहे."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, महिना म्हणजे तीस दिवस, त्यातले चार रविवार, बाकी मी दुकानातच असतो. निभेल. सासूबाई कायमच्या राहाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला संत समजायला नको.

आता काचेबद्दल. त्या येणार म्हणून मी हॉलमधून बाल्कनीत जाणाऱ्या दाराला नवीन काच बसवली होती. सात फूट उंच, एकसंध, मध्ये कुठे जोड नाही. आमच्या धंद्यात एक नियम आहे. मोठी काच बसवली की तिच्यावर पांढऱ्या रंगाची मोठी फुली मारायची, आणि घरातल्यांना तिची सवय होईपर्यंत, म्हणजे चांगले आठ-दहा दिवस, ती पुसायची नाही. गिऱ्हाइकांना फुली घाण वाटते. ते पुसतात आणि नाक फोडून घेतात. मग मला फोन करतात आणि मी त्यांची यथेच्छ हजेरी घेतो. एकाला तर मी म्हणालो होतो, "साहेब, काच जागेवरच होती, तुम्ही हललात."

तर सासूबाई यायच्या दिवशी सकाळी मी माझ्या हाताने ती फुली पुसली. नुसती पुसली नाही, स्पिरिट लावून, वर्तमानपत्राने तीन वेळा घासली. कशासाठी? तर बाईंना कळू दे म्हणून, की सव्वीस वर्षं ज्याला हसलात तो माणूस काय दर्जाचं काम करतो. पन्नाशी उलटली तरी अक्कल येईलच असं नसतं.

संध्याकाळी चहा झाला. सासूबाई म्हणाल्या, "साहेब प्रवासात आखडलेत, जरा मोकळे होऊ देत," आणि त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. पाखराने हॉलमध्ये एक चक्कर मारली, दुसरी मारली, बाहेरचं झाड पाहिलं आणि सरळ सुटलं.

आवाज फार मोठा झाला नाही. कुणी टेबलावर बोट आपटावं एवढाच झाला. साहेब फरशीवर पडले, डावा पंख बाजूला पसरलेला, चोच उघडी. बायको किंचाळली. सासूबाई उठल्या, दारापाशी गेल्या आणि हात पुढे करून चाचपायला लागल्या.

"जावईबापू, इथे काच आहे?"

"आहे."

"मला दिसली नाही."

खोटं कशाला बोलू, अर्धा सेकंद मला अभिमान वाटला. मग मी खाली पाहिलं आणि गाडीची किल्ली घ्यायला धावलो.

बुटांच्या खोक्याला भोकं पाडून, आत रुमाल घालून आम्ही साहेबांना पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गाडी मी चालवत होतो, मागच्या सीटवर सासूबाई खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला माझा उद्धार करत होत्या. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी पंख हलक्या हाताने उघडला, मिटला, पाखराला वजनकाट्यावर ठेवलं. पस्तीस ग्रॅम. एवढ्याशा जिवाने आमच्या घरात एवढा गहजब केला होता.

"हाड शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पंख मुरगळलाय. पिंजऱ्यातल्या दांड्या अगदी खाली लावा. दाणापाणी तळाशी ठेवा, चढायला लावू नका. ऊब हवी, शांतता हवी. दिवसातून दोनदा हे औषध, एकेक थेंब. दहा दिवसांनी बंद खोलीत थोडं थोडं उडू द्या. आणि हे आपटलं कशावर?"

मी औषधाची बाटली खिशात घातली. मग सासूबाई म्हणाल्या, "माझ्या जावयाच्या कामावर."

घरी आल्यावर त्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "आता याला प्रवास सोसणार नाही म्हणून मी थांबतेय. पाखरू ज्या दिवशी उडेल त्या दिवशी मी माझ्या घरी. महिना-बिहिना काही नाही. हा माझा शब्द."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उगाच नळ सोडून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी काचेवर मी पुन्हा फुली मारली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सासूबाई चहा पिता पिता बघत होत्या. "छान," म्हणाल्या, "आता दिसतेय हो तुमची काच."

औषध द्यायचं काम माझ्यावर आलं. सासूबाईंचे हात थरथरतात, बायको चोचीला घाबरते. माझा हात स्थिर, तीस वर्षं काच कापून झालेला. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसं पाखराला रुमालात घ्यायचं, डोकं दोन बोटांच्या मध्ये अलगद धरायचं, छाती अजिबात दाबायची नाही, कारण छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. मग चोचीच्या कडेला ड्रॉपर टेकवून एक थेंब. पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्या अंगठ्याचा असा चावा घेतला की मी त्यांना साहेब सोडून बाकी सगळं म्हणालो.

पण सेवा मी जीव लावून केली. पिंजऱ्याच्या तळाचा कागद रोज बदलला. अर्ध्या पिंजऱ्यावर चादर, बाजूला दिवा, ऊब बरोबर आहे का ते मनगटाने तपासायचं. राळ्याची कणसं मिळवायला चार दुकानं पालथी घातली. बायको भारावून गेली. म्हणाली, "तुमच्यात एवढी माया आहे हे मला माहीतच नव्हतं." माया कसली डोंबलाची! पाखरू उडालं की सासू घरी, एवढं साधं गणित होतं.

सहाव्या दिवशी सकाळी बायको कामावर गेली होती. ती पोस्टात खिडकीवर बसते, साडेआठला निघते. मी औषध देऊन साहेबांना पिंजऱ्यात सोडलं. ते दांडीवर चढायला गेले, तोल गेला आणि खाली कागदावर पाठीवर पडले. एक पंख फडफडतोय, दुसरा दबलाय, पाय वर. मी लगेच हात घालून सरळ केलं. पण मागे वळून बघतो तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या आणि चेहरा पांढराफटक.

"आई, पाणी देऊ?"

"माझंही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पडले होते. स्वयंपाकघरात. सकाळी सात वाजता. दीड वाजता शेजारीण साखर मागायला आली, तिच्याकडे किल्ली असते म्हणून बरं."

मी मनात हिशेब केला. साडेसहा तास.

"हाडबीड काही मोडलं नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. फरशीवर पडल्या पडल्या टेबलाखालची धूळ बघत होते. रोज केर काढते मी, आणि तिथे ही एवढी धूळ."

"हाका नाही मारल्या?"

"मारल्या की. मग थांबवल्या. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून जास्त भीती वाटते, जावईबापू." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दुसऱ्या आठवड्यात हे पाखरू आणलं. म्हटलं, घरात आरडाओरडा करणारं आणखी कुणीतरी असावं. आणि माझ्या मुलीला यातलं अक्षर जरी सांगितलंत ना, तर तुमची खैर नाही. रडून रडून आजारी पडेल ती."

मी काय बोलावं? माणसाने अशा वेळी चार चांगले शब्द बोलावेत. मी म्हणालो, "टेबलाखाली कुणाचाच झाडू पोचत नाही, आई."

त्या हसल्या. चक्क हसल्या.

"मग परत जायचं कशाला म्हणता?" मी विचारलं.

"बोलून बसले ना. शब्द गेला तोंडातून."

"पाखरासमोर गेला. ते कुठे कोर्टात जाणार आहे?"

"मस्करी नको. लेक आग्रह करते, ती करणारच, लेक आहे. पण घर तुमचंही आहे. आणि तुमच्या तोंडून 'राहा' हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी ड्रॉपर धुवायला घेतला. काच बसवताना माझा हात कधी चुकत नाही, पण बोलायची वेळ आली की माझी जीभ नेमकी अशी वेळ साधून पाठ फिरवते. टोमणे मारायला मात्र पुढे. ड्रॉपर मी इतका वेळ धुतला की त्याच्यावरचे आकडे पुसट झाले.

त्या दिवसापासून माझं गणित बिघडलं. साहेबांचा पंख रोज थोडा थोडा वर यायला लागला आणि मला ते बघून आनंद होईना. डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा बघून म्हणाल्या, "उत्तम प्रगती," तर मी त्यांनाच विचारलं, "इतकी घाई बरी आहे का?"

दहा दिवस झाले. आता बंद खोलीत उडवायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, ते माझ्या खोलीत, मी करणार, कुणी मध्ये यायचं नाही. रोज दुपारी त्या पिंजरा आत न्यायच्या, दार लावून घ्यायच्या, तासाभराने बाहेर यायच्या. संध्याकाळी बायको आली की पहिला प्रश्न तोच.

"आई, उडालं का गं?"

"छे. पंख पसरतं, पण धीरच होत नाही बिचाऱ्याला."

बाराव्या दिवशी तेच. पंधराव्या दिवशी तेच. अठराव्या दिवशी बायको रात्री जेवताना खूश होती, कारण पाखरू उडत नव्हतं, आणि खूश असल्याचं तिला वाईटही वाटत होतं. मी वरण पुन्हा वाढून घेतलं.

विसाव्या दिवशी दुपारी मी मोजमापाची वही विसरलो म्हणून घरी आलो. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या. घर शांत होतं. आणि सासूबाईंच्या खोलीतून आवाज येत होता, फरर्र, मग थांबून पुन्हा फरर्र.

मी किल्लीच्या भोकाला डोळा लावला. होय, लावला. सासूच्या खोलीत किल्लीच्या भोकातून डोकावणारा पन्नाशीतला जावई, हे कुणाला सांगायची सोय नाही, पण लावला.

साहेब कपाटावरून सुटले, पंख्याला वळसा घालून पडद्याच्या दांडीवर गेले, तिथून खिडकीच्या गजावर, तिथून सरळ सासूबाईंच्या डोक्यावर. वळणं अशी, की सरळ रेषेत उडणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या आणि दबक्या आवाजात त्यांना तंबी देत होत्या.

"शाबास. झालं ना पोटभर? आता उतरा. आणि संध्याकाळी ती आली की चोच मिटून बसायचं. उडता येत नाही आपल्याला. समजलं? अजून मुळीच येत नाही."

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? सापडली! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हातारी रंगेहाथ सापडली! दार उघडावं, हात कमरेवर ठेवावेत आणि फक्त एवढंच म्हणावं, 'काय, मग बॅग भरायची ना?' अहाहा. मी कडीवर हातसुद्धा ठेवला होता.

तेवढ्यात त्या आत म्हणाल्या, "तिकडे नाही रे जायचं मला."

पाखराला म्हणाल्या. आवाज अगदी लहान होता. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी कडीवरचा हात काढला. चपला हातात घेतल्या, चोराच्या पावलांनी बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. मला फार वाईट वाटलं. आणि लाज वाटली. एवढी मोठी बाई, जिने मांडव हसवला, ती माझ्या घरात राहायला मिळावं म्हणून एका पाखराला खोटं बोलायला शिकवत होती. कारण मी एक शब्द तोंडातून काढला नव्हता. वही न घेताच मी दुकानात गेलो.

संध्याकाळी बायको आली. सासूबाई भाजी निवडत होत्या, पिंजरा टेबलावर. मी हातपाय धुतले आणि घसा खाकरून म्हणालो, "आज डॉक्टरीणबाई भेटल्या होत्या."

सासूबाईंची सुरी थांबली.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"रस्त्यात. म्हणाल्या, हे मुरगळणं वरवरचं दिसतं, पण आतून फार खोल असतं. घाई करायची नाही. अजून दोन महिने तरी पाखरू उडायचं नाही."

"दोन महिने? आधी तर दहा दिवस म्हणाल्या होत्या!"

"तेव्हा त्यांना एवढा अनुभव नव्हता."

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आणि दोन महिन्यांनंतर?" त्यांनी विचारलं.

"मग थंडी सुरू होते. थंडीत पंखाला त्रास नको."

"आणि थंडीनंतर?"

"मग उन्हाळा. उन्हाळ्यात तर मुळीच नको."

"असं डॉक्टर म्हणाल्या?"

माझे कान तापले. पण या वेळी हातात ड्रॉपर नव्हता.

"असं मी म्हणतो," मी म्हणालो. "माझं ऐकायचं असेल तर ऐका. नाही तर तुमची मर्जी. पण मी म्हणतो."

सासूबाईंनी एक शेंग उचलली, तिचे नको तितके बारीक तुकडे केले. नाक लाल झालं होतं. बायको एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिने पाण्याची वाटी बदलायला पिंजऱ्याचं दार उघडलं.

फरर्र.

साहेब तिच्या हातावरून निसटले, दिव्याला एक फेरी मारली, माझ्या डोक्यावरून गेले, दुसरी फेरी मारली आणि आठ फूट उंच पडद्याच्या दांडीवर जाऊन बसले. तिथून त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला.

"अगं बाई!" बायको ओरडली. "आई, उडालं! उडालं गं!" आणि लगेच तिचा चेहरा पडला, कारण आपण काय ओरडलो ते तिच्या लक्षात आलं.

"कोण उडालं?" मी म्हणालो.

"अहो, हे काय, आत्ता तुमच्या डोक्यावरून गेलं!"

"चालत गेलं," सासूबाई म्हणाल्या.

"चालत?"

"मी बघितलं ना. पडद्यावरून चढत गेलं. हो ना, जावईबापू?"

"हो. चालतच गेलं. माझ्यासमोर."

बायकोने तोंड उघडलं. मिटलं. वर पाखराकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे. एकाच बाजूला उभं राहिलेलं तिने आम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ती पदरात तोंड घालून हसायला लागली.

"बरं," ती कशीबशी म्हणाली. "मग आता ते खाली कसं यायचं?"

"वेळ लागेल त्याला," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली. "लागू दे. मी आहे इथेच."